आजोबांच्या जुन्या ७८ च्या रेकॉर्ड्स आता कुठेच मिळत नाहीत. त्या सगळ्यांना ऐकायला कशा देता येतील?

वाडा रिकामा करताना ट्रंकेत मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या साठेक तबकड्या निघाल्या आणि त्या सगळ्यांसाठी खुल्या करायच्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी सदाशिव पेठेत राहतो. बारा वर्षं हेच करतोय. माझ्याकडच्या बहुतेक रेकॉर्ड्स जुन्या बाजारातून, बुधवार-रविवारच्या फेऱ्यांत आलेल्या आहेत.

आजोबांचा चावीचा ग्रामोफोन असेल तरी त्यावर त्या वाजवू नका. जड साउंडबॉक्स (सुई बसवलेलं डोकं) आणि स्टीलची सुई दर वेळी खाच झिजवतात. स्पिरिटने पुसू नका, कारण तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ फडकं एवढं पुरतं. फक्त लेबल भिजू देऊ नका. टर्नटेबलला ७८ चा वेग हवा आणि सुईही ७८ चीच हवी. एलपीची, म्हणजे नंतरच्या लाँग-प्ले रेकॉर्डची, सुई जवळजवळ तिप्पट बारीक असते, ती खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर उचलते.

आता वेगाबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. १९२५ च्या सुमाराला विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी गायक कर्ण्यासमोर गात, आणि त्या काळातल्या कित्येक तबकड्या नेमक्या ७८ ला मुद्रित झालेल्याच नाहीत. ७४ ची तबकडी ७८ ने फिरवली की सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो. पेटीवरच्या पांढरी दोन पट्टीतली गायिका काळी दोनमध्ये ऐकू येते, ताना घाईच्या वाटतात. मी एक नाट्यपद असंच सरळ ७८ ने वाजवून इंटरनेटवर चढवलं होतं. कोथरूडच्या एका आजींचा फोन आला, "ही बाईंची पट्टी नव्हे. आणि त्या अशा धावत गात नसत." वेग हळूहळू उतरवत ७४ च्या आसपास आणला तेव्हा आवाजाला खर्ज आला, श्वास घेतलेला कळू लागला. तोवर आठ महिने शेकडो लोकांनी भलताच आवाज त्या गायिकेचा म्हणून ऐकला होता, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून वेग ठरवताना पेटी जवळ घेऊन बसा. जुन्या पेट्यांचे सूर आजच्या पेटीशी तंतोतंत जुळतीलच असं नाही, तेव्हा शेवटचा कौल गळ्याला द्या, आणि कुठला वेग धरला ते लिहून ठेवा.

संगणकावर घेतलेली मूळ फाइल वेव्ह (WAV) प्रकारात, २४ बिटवर ठेवा आणि तिला हात लावू नका. खरखर काढायची ती प्रतीतून, तीही थोडीच. सॉफ्टवेअर खरखरीबरोबर तंबोराही पुसून टाकतं.

कॉपीराइटच्या हक्कांचा हिशेब तीन वेगळ्या खात्यांचा आहे: ध्वनिमुद्रण, शब्द आणि चाल. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० ची तबकडी १ जानेवारी २०२१ ला मोकळी झाली. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. 'मानापमाना'चे नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये गेले, संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये, म्हणजे त्यातल्या पदाच्या जुन्या रेकॉर्डला आज काहीच आडवं येत नाही. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या भावगीताची तबकडी कितीही जुनी असली तरी शब्द २०३७ अखेरपर्यंत राखीव आहेत. अशा रेकॉर्ड्सचं डिजिटायझेशन करून ठेवा, पण त्या चढवण्याआधी वारसांची आणि कंपनीची लेखी परवानगी घ्या. घरगुती मैफलींच्या टेप निघाल्या तर हे गणित लागू नाही. परवानगीसाठी आधी गायकाच्या घरी जा.

मोकळ्या रेकॉर्ड्स इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर ठेवा, तिथून त्या कुणालाही उतरवून घेता येतात. 'जुने नाट्यगीत, दुर्मिळ' असं नाव देऊ नका. गायक, पदाची पहिली ओळ, नाटक, कंपनी, रेकॉर्ड क्रमांक असं सगळं देवनागरीत लिहा आणि दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो जोडा. तपशिलात अडलात तर मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. तिथली माणसं याच नादातली.

तुमच्या साठांपैकी ज्यांची लेबलं उडाली आहेत, त्यांचे फोटो इथेच टाका. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात उमटलेला आकडा दिसेल असा तिरपा उजेड पाडून काढा. त्या आकड्यावरून पुष्कळदा गायक सापडतो.