फुंकरीनं न जाणारा थर

वाचकांचे प्रश्न : लॅपटॉप आणि दुरुस्ती

प्रश्न : पन्हाळा तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. ऊस किती आला, आदणं (आटवलेल्या रसाचे घाणे) किती निघाली, गुळाचे रवे किती भरले, गड्यांची हजेरी, हा सगळा हिशेब मी लॅपटॉपवर ठेवते. टेबल गुऱ्हाळघरातच एका कोपऱ्यात आहे, रस आटवायच्या काहिलीपासून पंधरा-वीस फुटांवर. गेल्या हंगामापासून लॅपटॉपचा पंखा सारखा मोठ्यानं फिरतो, तळ हात लावू देत नाही आणि पाऊण तासात लॅपटॉप आपोआप बंद पडतो. बटणंही चिकट झालीत. एका दुरुस्तीवाल्यानं दोनदा ब्लोअर मारून दिला. दर वेळी आठ-दहा दिवस बरा चालला, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो, मदरबोर्ड गेला, १२ हजार लागतील. खरंच बोर्ड गेला असेल का?

उत्तर : ताई, १२ हजार इतक्यात देऊ नका. तुमच्या पत्रातच निम्मं निदान आहे. बोर्ड गेलेला लॅपटॉप ब्लोअर मारून आठ दिवस बरा होत नाही. हवा मारल्यावर बरा होतो याचा अर्थ हवेची वाट तुंबते आहे. आणि आठच दिवसांत पुन्हा तुंबते याचा अर्थ वाटेत काहीतरी चिकट बसलंय, जे ब्लोअरनं हलत नाही. वरची मोकळी धूळ तेवढी उडते, खालचा चिकट थर तसाच राहतो आणि नवी धूळ झपाट्यानं धरतो.

मी कोल्हापुरात एकोणीस वर्षं हे काम करतो. गुऱ्हाळावरचे, पिठाच्या गिरणीतले, खानावळीच्या गल्ल्यावरचे असे लॅपटॉप दर हंगामात येतात. गिरणीतल्या लॅपटॉपमध्ये पीठ असतं, ते कोरड्या ब्रशनं निघतं. गुऱ्हाळाचं तसं नाही. तिथं दोन गोष्टी एकत्र येतात. काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं जळतात, त्यांचा धूर म्हणजे काजळी आणि डांबरासारखा तेलकट अंश. आणि काहिलीतून वाफ निघते. उसाच्या रसात सुमारे ८० टक्के पाणी, ते बहुतेक सगळं आटवायचं असतं. उकळी फुटली की त्या वाफेबरोबर काकवीचे अगदी बारीक तुषार उडतात. लॅपटॉपचा पंखा ही सगळी हवा दिवसभर आत ओढतो. म्हणजे एका थरात धूळ, काजळी आणि साखर. बटणं चिकटली ती त्या साखरेनं.

आता हे माझ्या शब्दावर मानू नका, घरी तपासा. लॅपटॉप बंद करून चार्जर काढा. टॉर्चचा उजेड बाजूच्या जाळीतून आत टाका. तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या स्वच्छ दिसायला हव्यात. करडं, लोकरीसारखं काही दिसलं तर वाट बंद आहे. मग कापसाच्या तीन काड्या घ्या. पहिली कोरडीच जाळीवर फिरवा. राखाडी भुकटी आली तर ती साधी धूळ. दुसरी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित बुडवून फिरवा. कापूस चहाच्या रंगाचा झाला तर तो धूर. तिसरी पाण्यात भिजवून, पिळून त्याच जागी फिरवा आणि मग तो कापूस दोन बोटांत दाबून बोटं उघडा. बोटं एकमेकांना धरून ठेवत असतील तर साखर आहे. हिरवट किंवा निळसर डाग उठला तर मात्र तांबं गंजायला लागलंय. मग पुढचं घरी करू नका.

शेवटची परीक्षा तापमानाची. एचडब्ल्यूइन्फो नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, तो प्रोसेसरचं तापमान दाखवतो. लॅपटॉप गुऱ्हाळापासून लांब, घरात टेबलावर ठेवा आणि काहीही न चालवता दहा मिनिटं थांबा. साधारण ४० ते ५५ अंश ठीक. स्वस्थ बसूनच ८० च्या वर जात असेल तर उष्णता बाहेर पडत नाहीये. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतात, तरी भागलं नाही तर लॅपटॉप बंद होतो. तुमचा पाऊण तासानं बंद पडतो तो बहुधा यामुळेच. पण बंद पडताना आकडा ६०-६५ च असेल, तर दोष उष्णतेचा नाही. मग बॅटरी, चार्जर आणि त्यानंतर बोर्ड तपासावा लागेल, आणि तो दुरुस्तीवाला बरोबरही असू शकेल.

साफसफाईबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण चूक इथेच होते. अल्कोहोलनं सगळं निघतं असं पुष्कळ कारागीर समजतात. धुराचा तेलकट अंश अल्कोहोलमध्ये विरघळतो, पण साखर शुद्ध अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही, तिला पाणीच लागतं. म्हणून नुसत्या अल्कोहोलनं पुसलेला गुऱ्हाळाचा लॅपटॉप दिसायला लख्ख होतो आणि बोट लावलं की चिकटतो. आधी डिस्टिल्ड पाण्यात भिजवून घट्ट पिळलेली काडी, मग ९९ टक्क्यांचं अल्कोहोल. पाणी साखर काढतं. अल्कोहोल धूर काढतं आणि उरलेलं पाणीही घेऊन उडून जातं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार बोर्डावर राहतात. सॅनिटायझरही नको, त्यात ग्लिसरीन असतं. अल्कोहोल प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. ते फार लवकर पेट घेतं. खिडकी उघडी ठेवून वापरा, आणि चुलवाण, गॅस, उदबत्ती यांच्या आसपास बाटलीचं बूचसुद्धा उघडू नका.

उघडण्याआधी कागदावर लॅपटॉपच्या तळाचा चौकोन काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी कागदात टोचून ठेवा. स्क्रूंची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरचा पत्रा किंवा बोर्ड फोडतो. तळ उचकटायला स्क्रूड्रायव्हर नको, जुनं सिमकार्ड चालतं. झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवणं. बॅटरी उशीसारखी फुगलेली दिसली तर तिथंच थांबा, झाकण न दाबता तसाच लॅपटॉप माहीतगाराकडे न्या.

पंख्यावरचे स्क्रू काढून पंखा उचललात की खरा प्रकार दिसेल. पंख्याचं तोंड आणि पट्ट्या यांच्या मधे धुळीची एक पट्टी बसलेली असते. बाहेरून ती दिसत नाही. मागच्या हंगामात अशाच एका लॅपटॉपमधून मी चिमट्यानं एक पट्टी उचलली, ती अखंड निघाली. बोटाएवढी लांब, घोंगडीच्या तुकड्यासारखी दाट, आणि एका अंगाला पट्ट्यांचे बारीक वळ उमटलेले. वास भाजक्या गुळाचा. ही पट्टी बाहेरून ब्लोअर मारल्यानं निघत नाही, उलट आत ढकलली जाते किंवा सुटून पंख्यात अडकते.

पंख्याला हवा मारणार असाल तर आधी त्याच्या पात्यात दात कोरायची काडी अडकवा. सुरुवातीच्या दिवसांत मी एका कॉलेजच्या मुलाच्या लॅपटॉपवर मोठ्या कॉम्प्रेसरची हवा सोडली. पंखा किंचाळत फिरला आणि धूळ उडाली म्हणून मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी तो मुलगा परत आला, पंखा खरखरत होता, बेअरिंग गेलं होतं. परीक्षा तोंडावर होती त्याची. नवा पंखा मी माझ्या पैशानं बसवला, पण त्याचे चार दिवस मला परत देता आले नाहीत. तेव्हापासून पातं धरल्याशिवाय मी हवा सोडत नाही.

हीटसिंक, म्हणजे तांब्याच्या नळ्या आणि पट्ट्यांचा सांगाडा, काढायची वेळ आली तर त्याच्या स्क्रूंजवळ बहुधा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमानं, आवळताना आकड्यांच्या क्रमानं, थोडं थोडं. हीटसिंक सुटा झाला की तो कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशनं धुवायला हरकत नाही. साखरेवर याहून चांगला उपाय नाही. मात्र पंखा त्याला जोडलेला नसावा, थर्मल पॅड, म्हणजे चिपांची उष्णता पुढे नेणारे रबरासारखे मऊ तुकडे, चिकटलेले असतील तर ते भिजवू नयेत आणि पुन्हा बसवण्याआधी तो खडखडीत वाळवावा. प्रोसेसरवरची, त्याची उष्णता हीटसिंककडे नेणारी, वाळलेली जुनी पेस्ट अल्कोहोलनं पुसा, नवी तांदळाच्या दाण्याएवढी लावून पातळ पसरा. जवळच्या चिपांवर थर्मल पॅड असतील, ते आहेत तिथंच ठेवा. त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही, फट भरून निघत नाही.

एवढं हाताळण्याची सवय नसेल तर हेच काम कारागिराकडून करून घ्या, पण समोर बसून. "ब्लोअर मारा" म्हणू नका. "पंखा काढून धुळीची पट्टी काढा, पाण्यानं आणि मग अल्कोहोलनं पुसा, पेस्ट बदला" असं नेमकं सांगा. निघालेली पट्टी दाखवायला सांगा. सगळं झाल्यावर पुन्हा दहा मिनिटांची परीक्षा घ्या. आकडा खाली आला तर प्रश्न मिटला. पंखा नीट फिरत असून आकडा लगेच ९० च्या पुढे जात असेल तर हीटसिंक नीट टेकलेला नाही किंवा त्याची नळी निकामी झाली आहे. तरीही तो बोर्डचा दोष नव्हे.

वेळेचंही बघा. धुराचा थर आणि साखर दोन्ही हवेतला ओलावा ओढतात. पन्हाळ्याच्या पावसात कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात, तिथं हा थर बोर्डावर ओला राहतो आणि हळूहळू तांबं खातो. हंगामात चाललेला लॅपटॉप पुढच्या दसऱ्याला उघडल्यावर मेलेला सापडतो तो यामुळे. म्हणून शेवटचं आदण उतरलं की महिन्याभरात, जूनच्या आधी सफाई करा.

आणि टेबल हलवा, ही माझी खरी विनंती. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, वजनकाट्याजवळ किंवा घरात न्या. काहिलीशेजारी वहीत लिहा, संध्याकाळी लॅपटॉपमध्ये चढवा. तुमच्या वडिलांनी वर्षानुवर्षं वहीवरच गुऱ्हाळ चालवलं असेल, त्यांना ते पटेल. चालू लॅपटॉपवर प्लॅस्टिक किंवा फडकं टाकू नका, त्यानं तो जास्तच कोंडतो.

प्रश्न : मुंबईत मी जुना लॅपटॉप विकत घेतला. चालतो उत्तम, पण गरम झाला की सिगारेटचा वास येतो. पडद्यावर पिवळट झाक आहे. बॉडी स्प्रे मारून बघितला, उपयोग झाला नाही.

उत्तर : स्प्रे आजपासून बंद करा. त्यातलं तेल आत गेलं की धूळ आणखी चिकटते. पडदा आधी बंद आणि थंड असू द्या. मायक्रोफायबरचं फडकं डिस्टिल्ड पाण्यानं दमट करून वरून खाली पुसा, फडकं बदलत राहा. पिवळेपणा फडक्यावर उतरला तर तो तंबाखूचा थर होता. उतरलाच नाही तर पडद्याचा रंगच बदललेला आहे. पडद्यावर अल्कोहोल किंवा काच पुसायचं द्रव लावू नका, वरचा लेप जातो.

वासाचं खरं सांगायचं तर तो पूर्ण जाईलच असं नाही. हीटसिंक, पंख्याची पाती आणि तळाचं झाकण अल्कोहोलनं पुसल्यावर पुष्कळ कमी होतो, कारण तापणारा भाग तोच. पण स्पीकरभोवतीचा फोम आणि की-बोर्डखालचे पापुद्रे वास धरून ठेवतात. की-बोर्ड सुटा बदलता येत असेल तर बदला. पुढच्या वेळी जुना घेताना पंधरा मिनिटं व्हिडिओ चालवा आणि जाळीजवळ नाक नेऊन वास घ्या. थंड लॅपटॉपला वास येत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. लॅपटॉप देवघराच्या खोलीतच असतो, रोज उदबत्ती आणि धूप असतो. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरनं तो साफ केला तर चालेल का?

उत्तर : सर, बाहेरून जाळीवर फिरवायलाही नको. प्लॅस्टिकच्या नळीत स्थिर वीज तयार होते, ती नाजूक भागांना मारक ठरते, आणि ओढ जास्त असली की पंखा गरगरतो. मऊ केसांचा कोरडा ब्रश आठवड्यातून एकदा पुरे. धूप चालू असेपर्यंत लॅपटॉप नुसता झाकू नका, पूर्ण बंद करा, म्हणजे पंखा धूर ओढणार नाही. काडीवर चहाचा रंग दिसू लागला की वर ताईंना सांगितलेली अल्कोहोलची सफाई करून घ्या. तुमच्याकडे साखर नाही, पाण्याचा टप्पा लागणार नाही.