पीआयडी फाइल आणि क्रॉन असताना रनिट किंवा सिस्टमडी कशाला हवं?

तुम्ही सर्व्हर नोहप (टर्मिनल बंद झालं तरी प्रोग्राम चालू ठेवणारी कमांड) लावून बॅकग्राउंडला सोडता, त्याच्या प्रोसेसचा नंबर, म्हणजे पीआयडी, पीआयडी फाइलमध्ये लिहिता, दर मिनिटाला क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) तो नंबर चालू आहे का ते बघतो आणि नसेल तर सर्व्हर पुन्हा सुरू करतो. एवढं असताना रनिट किंवा सिस्टमडीसारखं वेगळं सुपरव्हिजन, म्हणजे सर्व्हरवर लक्ष ठेवून तो पडला की उठवणारं साधन, कशाला, असं तुम्ही विचारलंय.

अडचण त्या फाइलमध्येच आहे. सर्व्हर बंद पडला की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) तोच नंबर पुढे दुसऱ्या कुठल्याही प्रोसेसला देऊ शकतो. क्रॉनला नंबर चालू दिसतो, म्हणून तो काहीच करत नाही. आणि तुम्ही स्टॉप स्क्रिप्ट चालवलीत तर भलतीच प्रोसेस मरते! युनिक्समध्ये प्रोसेस संपल्याची खात्रीशीर खबर तिच्या पॅरेंटला, म्हणजे तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसला, मिळते, आणि पॅरेंट 'वेट' कॉल करेपर्यंत तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. म्हणून जो लक्ष ठेवणार, तोच पॅरेंट हवा. डी. जे. बर्नस्टाइन यांच्या डीमनटूल्स या सुपरव्हिजनच्या साधनाचा पाया हाच, रनिट आणि एस६ ही तशीच साधनं त्याच वाटेने गेली.

रनिटमध्ये प्रत्येक सर्व्हिसची एक डिरेक्टरी असते आणि तिच्यात 'रन' नावाची छोटी स्क्रिप्ट. रनिटचा 'रनएसव्ही' हा प्रोग्राम ती चालवतो आणि संपली की लगेच पुन्हा चालवतो. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत 'एक्झेक' (शेलच्या जागी थेट सर्व्हर आणणारी कमांड) हवंच. ते राहिलं तर रनएसव्हीचं मूल शेल ठरतं, थांबायला सांगणारा टर्म सिग्नल शेललाच लागतो आणि सर्व्हर मागे तसाच चालत राहतो. सर्व्हरही फोरग्राउंडलाच चालवायचा, म्हणजे त्याने स्वतः बॅकग्राउंडला जायचं नाही. लॉगचा पाइप रनएसव्हीच्या हातात असल्यामुळे सर्व्हर पडून उठला तरी तो तुटत नाही. ही रचना मला फार आवडते.

सिस्टमडी (२०१०) सीग्रुप (प्रोसेसेसचे गट करून त्यांचा हिशेब ठेवणारी कर्नलची सोय) वापरतं, त्यामुळे दोनदा फोर्क करून (स्वतःची नवी प्रत सुरू करून) निसटलेली प्रोसेसही त्याच्या हिशेबात राहते. मात्र त्यात 'रीस्टार्ट'ची मूळ सेटिंग 'नो' असते, ती तुम्हीच 'ऑन-फेल्युअर' करायची. 'रीस्टार्टसेक' (पुन्हा सुरू करण्याआधी थांबण्याची वेळ) मुळात फक्त १०० मिलिसेकंद असतं आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सिस्टमडी नाद सोडतं. डेटाबेस थोडा उशिरा उठला तरी तुमची सर्व्हिस कायमची 'फेल्ड' होऊन बसते. मी रीस्टार्टसेक ५ सेकंद ठेवतो.

तुमच्या डिस्ट्रोत सिस्टमडी असेल तर तेच वापरा, निव्वळ यासाठी इनिट (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) बदलू नका. अडकून पडलेला पण न मेलेला सर्व्हर मात्र नुसत्या रीस्टार्टने पकडला जात नाही, त्यासाठी वॉचडॉग (सर्व्हरकडून ठरावीक वेळेत खूण आली नाही तर तो अडकला असं धरणारी सोय) किंवा वेगळी हेल्थ चेक लागेल.