नोटीस आली म्हणजे जमीन गेली नव्हे

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

बायपासमध्ये शेत जातंय म्हणून मोर्चाला गेलास, चांगलं केलंस. पण ‘घटनेनं हक्क दिलाय, सरकार हात लावूच शकत नाही’ असं जे लिहिलंयस, त्या भरवशावर राहू नकोस. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं काढला. आता आहे ते कलम ३००-अ: कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. म्हणजे सरकार जमीन घेऊ शकतं, पण मनाला येईल तशी नाही. आपल्याला भांडायचंय ते इथं.

म्हणून आधी नोटिशीत कुठला कायदा आणि कुठलं कलम लिहिलंय ते बघ. २०२४ साली कोलकाता महापालिका सर्वोच्च न्यायालयात हरली ती यातच. जे कलम ती दाखवत होती त्यात संपादनाचा अधिकारच नव्हता. नोटीस देणं, म्हणणं ऐकणं, कारणं देऊन निर्णय करणं, रास्त भरपाई हे सगळं ३००-अ मध्येच येतं, असं त्या निकालात आहे. तो मुळातून वाच.

राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ चा कायदा लागतो आणि हरकतीला अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून फक्त २१ दिवस मिळतात. तुमच्या हातात कागद पडल्यापासून नव्हे! नोटीस कन्नडमध्ये आहे म्हणून घडी घालून फडताळात ठेवणारी घरं मी बेळगाव तालुक्यात खूप पाहिली. हरकत मराठीत दिली तरी चालते, कलम ३५० नं ती मुभा दिली आहे. तरी सोबत कन्नड प्रत जोड. आपला मुद्दा साहेबानं वाचावा हे महत्त्वाचं, भाषेचं भांडण वेगळ्या दिवशी.

‘आमच्यावर अन्याय होतोय’ एवढंच लिहू नकोस. सर्व्हे नंबर, हिस्सा, किती गुंठे जातात, रस्ता शेताचे दोन तुकडे करतो का, नाल्याचं पाणी मग कुठं तुंबणार, विहीर कुठल्या बाजूला राहते, हे लिही. वडगाव-शहापूरच्या शिवारात बासमती पिकवणाऱ्याला पाण्याची वाट काय असते ते मी सांगायला नको. आवक टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नकोस.

उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे ना? वारसा नोंदीचा अर्ज याच आठवड्यात दे. त्यात आत्यांची नावं गाळायचा शहाणपणा चुलत्यांना करू देऊ नकोस. भरपाईचे पैसे अशा भांडणातच कोर्टात अडकून पडतात.

भरपाईचं म्हणशील तर घाई नको, आळसही नको. बेंगळुरू-म्हैसूर कॉरिडॉरच्या शेतकऱ्यांची जमीन २००५ ला ताब्यात गेली. पैशांसाठी ते २०२५ पर्यंत झगडले, तेव्हा कुठं न्यायालयानं २०१९ चा बाजारभाव धरायला लावला. तोवर त्यांनी कागद सांभाळले होते.

हरकतीचा कच्चा मसुदा रविवारपर्यंत पाठव. लाल पेन घेऊन बसतो.

तुझा,
काका