विंडोजचे सिक्युरिटी अपडेट ऑटोमॅटिक चालू ठेवावेत की बंद करून टाकावेत?

तुम्ही लिहिलंय की घरी एकच लॅपटॉप आहे, वडिलांचं नेट बँकिंग त्यावरच चालतं आणि ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलंय, "अपडेट बंद करून टाक, मशीन बसतं त्यानं." पहिल्या दोन गोष्टी वाचूनच माझं उत्तर ठरलं: चालू ठेवा. तिसरीवर मात्र मला बरंच बोलायचंय, कारण असा एक माणूस आमच्याच घरात आहे.

नागपूरला महाल भागात आमची लहानशी प्रेस आहे. बिलबुकं, लेटरहेड, मंडळांची पावती पुस्तकं आणि सीझनला लग्नपत्रिका. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची मजकुराची जुळणी, मी बघते आणि दुसरं कोणी बघत नाही म्हणून कॉम्प्युटरही मीच बघते. कागदोपत्री मालक सासरे, कारभार भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचा; त्यांना मी भाऊजी म्हणते. भाऊजींचं मत असं की चालत्या मशीनला हात लावू नये. ऑफसेटच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. नुसता आवाज ऐकून कुठला रोलर कोरडा पडलाय ते सांगणारा माणूस आहे तो. पण तोच नियम त्यांनी कॉम्प्युटरलाही लावला. भाऊजी माझ्याशी थेट भांडत नाहीत, नवऱ्याला सांगतात, तेही मी समोर बसलेली असताना: "तिले सांग, चालत्या मशीनले हात नको लावू म्हणा."

मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात. तिकडे सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. म्हणजे जो काही गोंधळ व्हायचा तो आपल्याकडे बुधवारी सकाळी दुकान उघडल्यावर होतो. सप्टेंबर २०२१ मध्ये तसंच झालं. लॉकडाउननंतर कामं नुकती परत यायला लागली होती, इतवारीतल्या एका किराणा व्यापाऱ्याची बिलबुकं द्यायची होती. लेझर प्रिंटर काउंटरवरच्या मशीनला जोडलेला आणि तिथून शेअर केलेला. मी माझ्या टेबलावरून ट्रेसिंगचा (छपाईची प्लेट बनवायच्या पारदर्शक कागदाचा) प्रिंट दिला तर प्रिंटरच सापडेना. शेवटी "११ बी" असलेला एक लांबलचक एरर. ज्यांच्याकडे शेअर केलेला प्रिंटर होता त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना तो आकडा अजून पाठ असेल.

हा दोष अपडेटचाच होता आणि मी तो कधी नाकारला नाही. त्या वर्षी विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे प्रिंटची कामं रांगेत लावणाऱ्या भागात, एकामागून एक भोकं सापडत होती. जुलैमध्ये तर मायक्रोसॉफ्टला ठरलेल्या मंगळवारची वाट न बघता आठवडाभर आधीच दुरुस्ती सोडावी लागली, आणि सपोर्ट संपलेल्या विंडोज ७ लासुद्धा द्यावी लागली. सप्टेंबरच्या दुरुस्तीने मशीन-मशीनमधल्या प्रिंटिंगचे नियम कडक केले आणि त्यात आमच्यासारख्यांचे प्रिंटर अडकले. मी प्रिंटर उचलून माझ्या टेबलावर आणला, यूएसबीची केबल थेट लावली आणि दुपारपर्यंत ट्रेसिंग निघाले. काउंटरवरच्या बिलांसाठी एक जुना डॉट मॅट्रिक्स होताच.

पण भाऊजींना पुरावा मिळाला होता. "पाहा, मी म्हणत होतो का नाही!" त्यांनी सीताबर्डीवरून ओळखीचा एक पोरगा बोलावला. त्याने पेन ड्राइव्हमधून कसलंसं सॉफ्टवेअर टाकून अपडेट "कायमचे बंद" केले. जाताजाता डिफेंडर हा विंडोजचा अँटिव्हायरसही बंद करून गेला, कारण कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक (ते फुकटात चालवायची चोरटी फाइल) तो सारखा उडवत होता. माझ्या टेबलावरच्या मशीनला मी हात लावू दिला नाही. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांचा सीझन सुरू झाला. काउंटरवरच्या ऑपरेटरने कार्डांच्या डिझाइनसाठी कुठलंसं प्लगिन फुकटात उतरवलं, क्रॅकसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरलच्या प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अक्षरांचं शेपूट आणि एकही फाइल उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक टेक्स्ट फाइल: फाइली परत हव्या असतील तर ९८० डॉलर, ७२ तासांत दिले तर अर्ध्यात, ४९०. इतवारीतल्या सेलसारखं वाटलं वाचून. भाऊजी स्क्रीनसमोर उभे राहिले आणि विचारलं, "हे डॉलर कोण मागून राहिलं?" तो प्रश्न मात्र थेट मला होता.

पैसे दिले नाहीत. जुनी कामं माझ्या एक्सटर्नल डिस्कमध्ये होती, ती मी बॅकअप झाला की काढून कपाटात ठेवते, म्हणून वाचली. काउंटरवरची ताजी कामं गेली. मग गिऱ्हाइकांना फोन करून, प्रूफ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो परत मागवले आणि त्यावरून 'चि.सौ.कां.'पासून 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत सगळं पुन्हा कंपोज केलं. एका गिऱ्हाइकाने फोटोसोबत मुहूर्ताची दुरुस्तीही पाठवली, आधी सांगायची राहिली होती म्हणे.

आता भाऊजी मला जिथे पकडतात तेही सांगते. ही वसुलीवाली फाइल आमच्याच माणसाने, आमच्याच हाताने, 'येस' दाबून आत घेतली. विंडोजचा कुठलाही सिक्युरिटी अपडेट त्याला थांबवू शकला नसता. डिफेंडर चालू असता तर बहुतेक अडवलं असतं. त्यामुळे "अपडेट बंद होते म्हणून हे झालं" असं मी म्हणत नाही, आणि "बघा, माझंच खरं" हे वाक्य मी तेव्हाही म्हटलं नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की अपडेट बंद ठेवायची सवय एकटी येत नाही. अपडेट त्रास देतो म्हणून बंद, मग अँटिव्हायरस त्रास देतो म्हणून बंद, मग कुठल्या तरी पोराच्या पेन ड्राइव्हमधलं काहीही चालतं. प्रिंटरने आमची एक सकाळ घेतली. त्यावरच्या 'इलाजा'ने ऐन सीझनला काउंटर बंद पाडला.

हातानं काही न उघडता, नुसत्या नेटवर्कवरून घुसणारं मात्र अपडेटच थांबवतो. वॉनाक्राय या फाइली अडकवून पैसे मागणाऱ्या व्हायरसचं उदाहरण घ्या. मायक्रोसॉफ्टने ते भोक १४ मार्च २०१७ ला बुजवलं होतं. हल्ला झाला १२ मे ला. मधले जवळजवळ दोन महिने दुरुस्ती समोर पडून होती. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना पेशंट परत पाठवावे लागले. आणि बसलेली बहुतेक मशीन जुनाट एक्सपी नव्हती, विंडोज ७ होती, म्हणजे त्या वेळी अपडेट मिळत असलेली. कोणीतरी 'नंतर बघू' म्हटलं होतं, बस.

शिवाय हे लक्षात घ्या की दुरुस्ती बाहेर आली की चोरांनाही ती मिळते. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते बघितलं की भोक कुठे होतं ते कळतं. म्हणजे मंगळवारपर्यंत जे मोजक्यांना माहीत होतं ते त्यानंतर कोणालाही शोधता येतं. अपडेट न घेणारा माणूस होता तिथेच राहत नाही, दर महिन्याला आणखी उघडा पडतो. भाऊजींना हे मी दरवेळी सांगते. ते म्हणतात, आपल्या प्रेसमध्ये येऊन कोण काय चोरणार? अहो, तो माणूस प्रेस बघून येतच नाही. त्याचा प्रोग्राम सगळीकडे दार ढकलून बघतो, उघडलं ते उघडलं.

१९ जुलै २०२४ ला भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचा फोटो टाकला. खाली एकच ओळ: "अपडेट." त्या दिवशी जगभर निळ्या स्क्रीन आल्या होत्या, विमानतळांवर रांगा होत्या. तुमच्या ऑफिसातल्या माणसाच्या डोक्यातही बहुधा तेच असणार. तर ते मायक्रोसॉफ्टचं अपडेट नव्हतं. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीचं फाल्कन हे सुरक्षा सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या आपल्या मशीनवर टाकतात, त्याची एक बिघडलेली फाइल सगळ्यांना एकदम गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन बसली, म्हणजे विंडोजच्या एकूण मशीनपैकी एक टक्क्याहूनही कमी. आपल्या वेळेने सकाळी ९:३९ ला फाइल सुटली, अकराच्या आत मागे घेतली, पण ज्यांच्याकडे पोचली त्यांना एकेका मशीनसमोर बसून सेफ मोडमध्ये ती काढावी लागली. तुमच्या वडिलांच्या लॅपटॉपवर फाल्कन असायचं काही कारण नाही. आमच्या प्रेसमध्ये त्या दिवशी सगळं नीट चालू होतं. हे मी ग्रुपवर लिहिलं. भाऊजींनी अंगठा पाठवला.

भाऊजींना खरा मुद्दा मांडायचा असेल तर नॉटपेट्या या व्हायरसचा मांडावा. त्यांना तो माहीत नाही म्हणून मीच मांडते. जून २०१७ मध्ये युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच चोरांनी आपला माल मिसळला. लोकांनी शहाण्यासारखं अपडेट घेतलं आणि मशीन गेली. मर्स्क या जहाज कंपनीला इतका फटका बसला की आपल्याकडे न्हावाशेव्याला तिच्या गटाच्या टर्मिनलचं काम अडलं. म्हणजे अपडेटमधूनच घात होऊ शकतो, होतोसुद्धा. फक्त त्यातही पुढचा भाग लोक सांगत नाहीत: एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरताना त्याने चोरलेले पासवर्ड वापरले, आणि वॉनाक्रायवालं तेच मार्चमध्ये बुजवलेलं भोकही.

"मशीन बसतं" म्हणणारे लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात, तेही सांगून टाकते. दर महिन्याचा सिक्युरिटी अपडेट वेगळा आणि वर्षाकाठी येणारा, नव्या सोयींचा मोठा फीचर अपडेट वेगळा. ऑक्टोबर २०१८ च्या मोठ्या अपडेटने काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली पुसल्या होत्या. मायक्रोसॉफ्टला तो थांबवून नोव्हेंबरमध्ये परत सोडावा लागला. मोठ्या अपडेटला तुम्ही खुशाल महिनाभर थांबा, मीही थांबते. महिन्याच्या अपडेटला घरच्या लॅपटॉपवर थांबू नका. प्रेसमध्ये मी काउंटरचं मशीन ऐन सीझनला आठवडाभर 'पॉज' करते आणि माझं आधी होऊ देते. त्रास झालाच तर अपडेट हिस्ट्रीत जाऊन तेवढा एक काढता येतो. भाऊजींना 'पॉज' मान्य आहे, कारण त्यात 'बंद'सारखं काहीतरी दिसतं. ते फार तर पाच आठवड्यांनी आपोआप सुटतं हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

एक जुनं विंडोज ७ चं मशीन आमच्याकडे अजून आहे, जुन्या फॉन्टच्या डोंगलसाठी (मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीसाठी). त्याला २०२० च्या जानेवारीपासून नेहमीचे अपडेट नाहीत. त्याची नेटची केबलच काढून टाकली आहे. असं मशीन ठेवायचं तर असंच ठेवायचं. त्यावर नेट बँकिंग नाही म्हणजे नाही.

तुमच्यापुरतं: अपडेट फक्त सेटिंगमधून घ्यायचा. ब्राउझरमध्ये उड्या मारत "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, अपडेट करा" म्हणणारी खिडकी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर चलानच्या नावाने आलेली एपीके (मोबाइल ॲपची फाइल) हे अपडेट नाहीत. वडिलांना एवढं एकदा बसून दाखवा, बाकी सगळ्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. अपडेट चालू असताना लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या. नागपुरात मे महिन्यात दुपारी लाइट कधी जाईल सांगता येत नाही. बॅटरी असल्याने लॅपटॉप सहसा तगतो, पण बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) अपडेट अर्धवट राहिला तर मात्र दुरुस्तीला न्यावा लागतो. विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन करून सेटिंग सिंक चालू केलं तर फुकट. ते करून घ्या, आणि तोवर ११ चं किंवा नव्या लॅपटॉपचं बघा.

आणि हे राहिलंच होतं: जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही मशीननी चालू होतानाच बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) की मागितली होती. पुन्हा तसं झालं तर ४८ आकड्यांची ती की हाताशी लागेल. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सापडते. आजच बघा, कागदावर लिहा आणि तो कागद वडिलांच्या पासबुकात ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करू नका.