बॅप्टिस्ट लोक नेमकं काय मानतात आणि बाकीच्यांपेक्षा त्यांचं वेगळं काय?

प्रश्न तुम्ही दोन ओळींचा टाकलाय पण आत तीन प्रश्न आहेत. बॅप्टिस्ट (ख्रिश्चनांमधला एक प्रोटेस्टंट पंथ) काय मानतात, कॅथलिक-प्रोटेस्टंट आणि बाकी धर्मांपेक्षा त्यात वेगळं काय, आणि तान्हेपणी बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी ख्रिश्चन दीक्षा) झालेला माणूस बॅप्टिस्ट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेला तर त्याला परत पाण्यात उतरावं लागतं का. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न तिसरा आहे, तरी ओळीने घेतो. मी स्वतः बॅप्टिस्ट आहे, सोळाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतलाय, त्यामुळे थोडा पक्षपात होणार तो धरूनच वाचा.

माझे आईवडील बॅप्टिस्ट, मी पहिल्यापासून दर रविवारी मंडळीत, संडे स्कूलमध्ये पाठांतराची बक्षिसं वगैरे सगळं, पण सोळा वर्षांपर्यंत मी बॅप्टिस्ट नव्हतो. म्हणजे अक्षरशः नव्हतो, सभासदांच्या यादीत नाव नव्हतं, प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) वेळी ट्रे यायचा त्यात ते छोटे छोटे पेले असायचे आणि आई तो माझ्या नाकासमोरून शेजारच्या माणसाकडे सरकवायची. लहानपणी याचा भयंकर राग यायचा. कॅथलिक मित्राला आठव्या वर्षी मिळालं आणि मला का नाही, असं. आईचं उत्तर ठरलेलं, तुझ्या वतीने मी जेवू शकते का? नाही ना? मग तुझ्या वतीने विश्वास कसा ठेवू?

बस, एवढंच आहे. बॅप्टिस्टांचं बाकी जे काही वेगळं दिसतं ते सगळं या एका गोष्टीतून निघतं, की विश्वास दुसऱ्याच्या वतीने ठेवता येत नाही. आईबापाने नाही, पाळकाने (मंडळीच्या धर्मगुरूने) नाही, राजाने तर नाहीच नाही. लोकांना वाटतं बॅप्टिस्ट म्हणजे पाण्यात बुडवणारे. बुडवतात, पण भांडण पाणी किती यावर नव्हतंच मुळात, भांडण होतं पाण्यात कोण उभा आहे यावर.

आणि याचा पुरावा इतिहासातच आहे, जो खुद्द बऱ्याच बॅप्टिस्टांना माहीत नसतो. सुरुवात धरतात १६०९ पासून, अ‍ॅमस्टरडॅममध्ये. इंग्लंडमधून जाचाला कंटाळून गेलेला एक गट होता, त्यांचा पुढारी जॉन स्मिथ. त्याला बायबल वाचून पटलं की बाळाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. मग आता आपल्याला कोण देणार, सगळ्यांचाच तान्हेपणी झालेला! तर त्याने स्वतःच स्वतःला दिला आणि मग बाकीच्यांना. तोसुद्धा पाणी ओतून, बुडवून नव्हे. बुडवणं आलं जवळपास तीस वर्षांनी, १६४० च्या आसपास इंग्लंडमध्ये, आणि १६४४ च्या लंडनच्या विश्वासनाम्यात (आम्ही काय मानतो याच्या जाहीर लेखी यादीत) ते लिहूनच टाकलं, वर एक टीप जोडली की देणारा आणि घेणारा दोघांच्याही अंगावर नीट कपडे असावेत, सगळं मर्यादेत व्हावं. ही टीप मला फार आवडते, नक्की कोणीतरी काहीबाही अफवा उठवल्या असणार त्याशिवाय असं कोण लिहितं.

स्मिथला पुढे शंका आली की आपण केलं ते बरोबर नाही, तो मेनोनाइट लोकांकडे वळला (तेही मोठ्यांनाच बाप्तिस्मा देणारा, आधीपासूनचा एक ख्रिश्चन गट). त्याचा साथीदार थॉमस हेल्विस मात्र काही जणांना घेऊन १६१२ च्या सुमारास लंडनला परतला आणि त्याने एक पुस्तक लिहिलं, त्याची एक प्रत राजा पहिला जेम्स याच्यासाठी, आत स्वतःच्या हाताने लिहून की राजा मर्त्य माणूस आहे, देव नाही, प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता चालत नाही. तो नुसतं आम्हाला सोडा म्हणत नव्हता, पाखंडी असोत, तुर्क असोत (म्हणजे त्या काळच्या बोलीत मुसलमान), ज्यू असोत, धर्मासाठी कोणालाच शिक्षा करायचा सरकारला हक्क नाही असं म्हणत होता. १६१२ साली! अर्थात तुरुंगात गेला आणि १६१६ पर्यंत वारला. तर धर्मस्वातंत्र्य हे बॅप्टिस्टांनी नंतर चिकटवलेलं शेपूट नाहीये, ते पहिल्यापासून आहे, कारण जबरदस्तीने कोणाला बुडवलं तर तो फक्त ओला होतो. पुढे रॉजर विल्यम्सने १६३८ च्या सुमारास प्रॉव्हिडन्सला अमेरिकेतली पहिली बॅप्टिस्ट मंडळी सुरू केली (स्वतः काही महिन्यांतच बाहेर पडला ती गोष्ट वेगळी), आणि अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जेफर्सन याने चर्च आणि सरकार यांच्यातल्या भिंतीबद्दल जे लिहिलं ते १८०२ मध्ये डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना पाठवलेल्या पत्रातच.

आता मानतात काय. मूळ गोष्टी बाकी ख्रिश्चनांसारख्याच, एकच देव, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून तो एकच देव), येशू देवाचा पुत्र, वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, परत येणार. तारण कृपेने, विश्वासाने, कर्माने नाही, हे तर सगळेच प्रोटेस्टंट म्हणतात. अधिकार बायबलचा, परंपरेचा नाही.

वेगळं दिसायला लागतं ते बाप्तिस्म्यापासून. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन मानतात की बाप्तिस्म्यात देव खरोखर काहीतरी करतो, बाळाला नवा जन्म देतो. प्रेस्बिटेरियन म्हणतात की जुन्या करारात सुंता होती तशी ही कराराची खूण आहे, आणि कराराच्या घरात मुलंही आलीच. त्यांची बाजू पोकळ नाही हां, बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात फिलिप्पै शहराच्या तुरुंगाधिकाऱ्याचा अख्ख्या घरासकट बाप्तिस्मा होतो, ते विचारतात घरात लहान मुलं नसतील का? आम्ही म्हणतो तिथेच पुढे लिहिलंय की अख्खं घर आनंदलं, विश्वास ठेवला म्हणून, तान्ह्या बाळाचं काम नाही ते. चारशे वर्षं हेच चाललंय.

पण उलट बाजूनेही एक गैरसमज आहे. बॅप्टिस्टांना वाटतं बुडी मारली की स्वर्गात जागा पक्की, असं कोणी सांगितलं तर ते चूक. चर्चेस ऑफ क्राइस्ट नावाच्या मंडळ्या आहेत त्याही मोठ्यांनाच आणि बुडवूनच देतात, पण त्यांच्या मते पापांची क्षमा त्या पाण्यातच मिळते. बॅप्टिस्ट म्हणतात तारण आधी, पाणी नंतर. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराचा कधी बाप्तिस्मा झाला? त्याला तर त्याच दिवशी स्वर्गाचं वचन मिळालं. बाप्तिस्मा म्हणजे जे झालंय त्याची चारचौघांत साक्ष. म्हणूनच आम्ही साक्रामेंत (ज्यातून देवाची कृपा मिळते असा संस्कार) म्हणत नाही, विधी म्हणतो, आणि ते दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. कॅथलिकांचे सात. प्रभुभोजनातही तेच, कॅथलिकांसाठी भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते, लुथरन म्हणतात भाकर भाकरच राहते पण ख्रिस्त त्यात खरोखर हजर असतो, आणि बहुतेक बॅप्टिस्टांसाठी ती आठवण. काही बॅप्टिस्टांना नुसती आठवण म्हटलेलं खटकतं, मलाही थोडं खटकतं, पण सर्वसाधारण मत हेच.

मग कारभार. आमच्याकडे पोप नाही, बिशप नाही. प्रत्येक मंडळी स्वतंत्र, पाळक कोण हे सभासद मत देऊन ठरवतात, काढायचा असेल तरी तेच. मेथडिस्टांत बिशप पाळकाची बदली करतो, प्रेस्बिटेरियन लोकांत वडिलांच्या (म्हणजे मंडळीतल्या निवडलेल्या वडीलधाऱ्यांच्या) सभा एकावर एक असतात, आमच्याकडे वर कोणीच नाही. ऐकायला छान वाटतं. मी अशा सभेत बसलोय जिथे छताला पत्रा घालायचा की काँक्रीट यावर पावणेतीन तास गेले आणि शेवटी दोन कुटुंबं मंडळी सोडून गेली. प्रत्येक विश्वासणारा याजक असतो हे तत्त्व भारी आहे, पण ऐंशी याजक एका खोलीत बसले की काय होतं ते मी बघितलंय.

याच स्वतंत्रपणामुळे ‘बॅप्टिस्ट असं मानतात’ हे वाक्य कोणी लिहिलं की पुढे जवळपास नेहमीच ‘पण’ येतो. पहिल्यापासून दोन गट, एक म्हणायचा ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला (हेल्विस यातला), दुसरा म्हणायचा देवाने निवडलेल्यांसाठी, त्यांचा १६८९ चा विश्वासनामा आजही वापरात आहे. एकदा मिळालेलं तारण जात नाही असं बहुतेक मानतात, फ्री विल बॅप्टिस्ट म्हणतात जाऊ शकतं. बायकांनी पाळक व्हावं का? सदर्न बॅप्टिस्टांनी (अमेरिकेतला बॅप्टिस्ट मंडळ्यांचा एक मोठा संघ) २००० साली लिहून टाकलं की पाळकाचं पद पुरुषांचं, अमेरिकन बॅप्टिस्ट मंडळ्यांत मात्र बायका पाळक आहेत. मार्टिन ल्यूथर किंग बॅप्टिस्ट पाळक, प्रसिद्ध धर्मप्रचारक बिली ग्रॅहमही बॅप्टिस्ट. आणि काळं पानही सांगायलाच हवं, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन १८४५ मध्ये वेगळं झालं ते गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही या भांडणातून, आणि त्याबद्दल जाहीर माफी मागायला १९९५ उजाडलं. माणसाच्या आत्म्यावर राजाचीही सत्ता नाही म्हणणाऱ्यांचे वारस माणसं विकत घेत होते, याचा मेळ मला आजवर लावता आलेला नाही.

पेंटेकोस्टल लोकांबद्दल एक ओळ, कारण बरेच जण गल्लत करतात. बाप्तिस्म्याबद्दल त्यांचं आमचं बरंचसं जुळतं, फरक म्हणजे ते पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा हा वेगळा अनुभव मानतात आणि अन्य भाषांत बोलणं ही त्याची खूण मानतात, आम्ही विश्वास ठेवला तेव्हाच आत्मा मिळाला असं मानतो. यहोवाचे साक्षीदार आणि मॉर्मनसुद्धा मोठ्यांना बुडवतातच (मॉर्मन आठ वर्षांपासून), पण ते त्रैक्य आमच्यासारखं मानत नाहीत, त्यामुळे ती वेगळीच वाट.

इतर धर्मांशी तुलना मी थोडक्यात करतो कारण तिथे बॅप्टिस्ट आणि बाकी ख्रिश्चन यांच्यात फारसा फरक नाही. इस्लाममध्ये येशू मानाचा पैगंबर आहे पण देवाचा पुत्र नाही आणि वधस्तंभावर मेला नाही. ज्यू लोकांसाठी मसीहा अजून यायचाय. हिंदू-बौद्ध विचारात कर्माचं फळ आणि पुनर्जन्म, आमच्याकडे एकच आयुष्य आणि मग न्याय. पण एक फरक खास बॅप्टिस्ट आहे, तो म्हणजे जन्म. ज्यू आईच्या पोटी आलं की परंपरेने मूल ज्यूच, हिंदू घरात जन्मलं की सहसा हिंदूच धरतात. बॅप्टिस्ट घरात जन्मलेलं मूल बॅप्टिस्टांच्या हिशेबात अजून काहीच नसतं. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि आता ट्रे मी तिच्या नाकासमोरून सरकवतो, तीही माझ्याकडे अगदी तशीच बघते.

आता तुमचा तिसरा प्रश्न. बहुतेक बॅप्टिस्ट मंडळ्या सभासद व्हायचं तर बाप्तिस्मा घ्या म्हणतील, आणि ते त्याला परत म्हणणार नाहीत, कारण त्यांच्या मते पहिला झालाच नव्हता. हे तुमच्या आईवडिलांना लागू शकतं, तयारी ठेवा. काही मंडळ्या, विशेषतः इंग्लंडमधल्या, लहानपणीचा बाप्तिस्मा चालवून घेतात आणि तुमचा विश्वास तुमच्या तोंडून ऐकला की सभासद करतात. सगळ्यांना एक नियम नाही, वर सांगितलं तसं वर कोणी नाहीच, त्यामुळे ज्या मंडळीत जाणार तिथल्या पाळकाला सरळ विचारा. नुसतं येऊन बसायला तर कोणीच अडवत नाही.

आणि घ्यायचा ठरलाच तर, बहुतेक ठिकाणी आधी काही वर्ग होतात, मग त्या दिवशी विचारतात की येशू ख्रिस्ताला प्रभू मानतोस का, तुम्ही हो म्हणता, पाळक एका हाताने पाठ धरतो, दुसऱ्याने तुमच्या छातीवर जोडलेले हात, आणि मागे झुकवून अख्खं खाली. दोन सेकंद. गडद रंगाचे कपडे घाला, पांढरे ओले झाले की पंचाईत होते, टॉवेल आणि आतले कपडे जास्तीचे न्या, आणि हो म्हणून झालं की तोंड मिटा. मी नव्हतं मिटलं, त्यामुळे माझी साक्ष मंडळीने दहा मिनिटं खोकल्यात ऐकली.