यीशिंगच्या मातीच्या किटलीत ग्रीन टी आणि ऊलाँग (ग्रीन टी आणि काळ्या चहाच्या मधला चिनी चहा) दोन्ही केले तर चालेल का?

चालेल, पण करू नका. अशी किटली एकाच प्रकारच्या चहासाठी राखून ठेवलेली बरी. चीनच्या जिआंगसू प्रांतातल्या यीशिंगची 'झीशा' माती भाजल्यावरही किंचित सच्छिद्र राहते, आणि आतून झिलई नसते. त्यामुळे चहाचा वास तिच्यात हळूहळू मुरतो. आज लाप्सांग सुशाँग हा धुरकट वासाचा काळा चहा केलात तर उद्याच्या नाजूक ऊलाँगला त्याचा वास लागू शकतो. म्हणूनच ती साबणाने धूत नाहीत. नुसत्या गरम पाण्याने विसळून, झाकण काढून वाळवतात. ग्रीन टीला तर ही किटली मुळातच फारशी सोयीची नाही. त्याला ७० ते ८० अंश सेल्सिअसचं पाणी पुरतं, आणि उष्णता धरून ठेवणाऱ्या जाड मातीत तो पटकन कडू होतो. ऊलाँगला मात्र ९० च्या पुढचं पाणी छान मानवतं.

अर्थात, जास्त आचेवर भाजलेल्या घट्ट मातीत वास कमी मुरतो, आणि आतून झिलई असेल तर हा नियम लागूच नाही. दोन्ही चहा आलटूनपालटून प्यायचे असतील तर चिनी मातीचा गायवान (झाकणाची वाटी) घ्या. तो वास धरत नाही, आणि धुवायलाही सोपा.