भाजक की विभाजक?

प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागातून आलाय. पाचवीतल्या मुलीने आपल्या पिनकोडला, ४१३००१ ला, ७ ने भागलं. भागाकार ५९०००, बाकी १. खाली तिने '७ हा विभाजक' असं लिहिलं, ते खोडून बाईंनी 'भाजक' केलं. वडील विचारतात, "दोन्ही एकच ना? मी तेलुगू माध्यमात शिकलो, आमच्याकडे विभाजकच म्हणायचे."

बाईंचं बरोबर आहे, आणि फरक आपल्या बोलण्यातच आहे. ४१३००१ ला आपण ७ ने भाग देतो, पण ७ ने भाग जात नाही. ज्याने भाग द्यायचा तो भाजक. शून्य सोडून कोणालाही त्या जागी बसवा, बाकी किती का उरेना. विभाजक मात्र ज्याने भाग नि:शेष जातो तोच. भाजक त्या एका गणितापुरता असतो, विभाजक त्या संख्येचा कायमचा.

या पिनकोडचे विभाजक मग कोणते? अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जाणारच, येतात ४५८८९. पुढे मात्र माझी दमछाक झाली. ७, ११, १३ करत दोन पाठकोरे कागद भरले, तेव्हा कुठे १०९ ने भाग गेला आणि ४२१ आले. दोन्ही मूळ संख्या. म्हणजे ४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१, आणि १ व ती संख्या स्वतः धरून विभाजक बारा.

वडिलांचंही चुकलेलं नाही. तेलुगू गणितात भागाकारातल्या भाजकालाच 'विभाजकम्' म्हणतात. आपल्या विभाजकाला तिथे 'कारणांकम्' असा वेगळाच शब्द आहे. शब्द तोच, घर वेगळं.

दोन्ही शब्द 'भज्' म्हणजे वाटणे या धातूचे. विभक्त कुटुंब त्यातलंच, आणि ताटातला भातही (मूळ 'भक्त', वाट्याला आलेलं अन्न). हीच जोडी भाज्य-विभाज्य यांचीही: ४१३००१ हा ९ चा विभाज्य आहे, ७ पुढे तो नुसता भाज्य. मसावितला 'वि' विभाजकाचा, लसावितला विभाज्याचा. मुलीला एवढं सांगितलं तरी मसावि-लसाविची नेहमीची गल्लत निम्मी कमी होईल.